‘द क्रूसिबल’ वाचताना: धरमपेठेतील एका नाट्यवाचन वर्गाचा अनुभव

आर्थर मिलर यांचे ‘द क्रूसिबल’ हे नाटक मी पहिल्यांदा वाचले ते एम. ए.च्या परीक्षेसाठी आणि दुसऱ्यांदा वाचले ते कनिष्ठ महाविद्यालयातून पुढे जाणाऱ्या काही विद्यार्थ्यांना समजावून देण्यासाठी. दोन्ही वेळा उत्तर आधीच ठरलेले होते. चेटकिणींचे खटले चाललेले १६९२ सालचे सेलम म्हणजे कम्युनिस्टांचा शोध घेणारी १९५० च्या आसपासची अमेरिका, चेटकीण म्हणजे कम्युनिस्ट आणि न्यायाधीश म्हणजे चौकशी समिती. हे समीकरण चुकीचे नाही, परंतु ते एकदा पाठ झाले की नाटक वाचण्याची गरजच उरत नाही, आणि माझ्या बाबतीत नेमके तेच झाले होते. या उन्हाळ्यात धरमपेठेत भरणाऱ्या एका नाट्यवाचन वर्गात मी हे नाटक तिसऱ्यांदा वाचले. या वेळी मोठ्याने, आणखी सतरा माणसांच्या सोबतीने. नागपुरात अशा वर्गाची चौकशी करणारे विद्यार्थी, नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांची तयारी करणारे उमेदवार आणि हौशी रंगकर्मी मला नेहमी भेटतात, म्हणून या वर्गाचे गुणदोष सविस्तर नोंदवीत आहे.

वर्गाला नाव नाही आणि फलकही नाही. एका जुन्या बंगल्याच्या वरच्या दिवाणखान्यात, एप्रिलच्या पहिल्या रविवारपासून दर रविवारी संध्याकाळी पाच ते साडेसात या वेळेत तो भरत असे. दहा रविवारांचे शुल्क २,४०० रुपये होते आणि विद्यार्थ्यांना ते निम्मे आकारले जाई. वर्ग दोघे जण मिळून घेतात. एक इंग्रजीच्या निवृत्त प्राध्यापिका आहेत, ज्यांना सगळे मॅडम म्हणतात, आणि दुसरे पूर्व विदर्भातील झाडीपट्टी रंगभूमीवर अनेक हंगाम काम केलेले एक तरुण दिग्दर्शक. वाचन मूळ इंग्रजीत आणि चर्चा मराठीत, अशी पद्धत आहे. आमच्या तुकडीत महाविद्यालयीन विद्यार्थी अधिक होते, पण त्यांच्याबरोबर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात अनेक वर्षे वकिली केलेले एक ज्येष्ठ गृहस्थ होते, दोन शिक्षिका होत्या, एक बँक कर्मचारी होते आणि गडचिरोली जिल्ह्यातून शिकायला आलेला एक विद्यार्थी होता. या वर्गाचे यश बऱ्याच अंशी अशा मिश्र मंडळींच्या एकत्र बसण्यात आहे.

पहिला रविवार केवळ नाटकाच्या नावावर खर्च झाला. मॅडमनी इतवारीच्या सराफा ओळीतून आणलेली एक लहानशी मूस, म्हणजे सोने वितळवण्याचे भांडे, इंग्रजीत ‘क्रूसिबल’, सर्वांच्या हातून फिरवली. वापरलेली असल्यामुळे ती आतून काळवंडलेली होती. आपल्याकडील मार्गदर्शकांत आणि वर्गातील टिपणांत या शीर्षकाचा अर्थ सरसकट ‘अग्निपरीक्षा’ असा दिला जातो, आणि मीही तो फळ्यावर तसाच लिहीत आले आहे. मॅडमचे म्हणणे असे की, अग्निपरीक्षा या शब्दात अग्नी न्यायी असल्याचे गृहीत आहे. निर्दोष माणूस त्यातून न जळता बाहेर येतो, अशी आपल्या कथेची धारणा आहे. मुशीचे तसे नसते. मुशीत हीण जळते हे खरे, पण सोनेही वितळतेच. आत जे पडले ते पूर्वीच्या आकारात बाहेर येत नाही. तिसऱ्या अंकात उपराज्यपाल डॅनफर्थ स्वतःच अभिमानाने सांगतो की, या न्यायालयात पेटलेल्या प्रखर आगीत सगळी लपवाछपवी वितळून जाते. त्याला ती अग्निपरीक्षा वाटते, मिलर यांना ती मूस दिसते, आणि या दोन समजुतींमधल्या अंतरात हे नाटक घडते. इतकी नेमकी सुरुवात मी नाटकाच्या कोणत्याही तासाला पाहिली नव्हती.

त्यानंतर इतिहास आला, आणि तो आकडेवारीसह आला. मॅसॅच्युसेट्समधील सेलम गावात, म्हणजे आजच्या डॅन्व्हर्समध्ये, १६९२ च्या आरंभी धर्मोपदेशक सॅम्युएल पॅरिस यांच्या घरातील मुली विचित्र वागू लागल्या. वर्षअखेरीपर्यंत दीडशेहून अधिक लोकांवर आरोप झाले, १९ जणांना फाशी देण्यात आली, जाइल्स कोरी या वृद्ध शेतकऱ्याला छातीवर दगड रचून मारण्यात आले आणि काही जण तुरुंगातच मरण पावले. सेलममध्ये कोणालाही जाळले गेले नाही, हे मॅडमना दोनदा सांगावे लागले, कारण वर्गातील निम्म्या लोकांच्या मनात ते चित्र पक्के होते. इंग्रजी कायद्यात या गुन्ह्याची शिक्षा फाशी होती. खेदाची गोष्ट अशी की, वर्गात वाटलेल्या छापील टिपणांच्या तिसऱ्या पानावर ‘चेटकिणींना जिवंत जाळण्यात आले’ असेच वाक्य होते. ही टिपणे कोणा जुन्या मार्गदर्शकावरून उतरवून घेतलेली असावीत. मॅडमचे बोलणे आणि त्यांच्याच वर्गाची टिपणे यांत असा विरोध असेल, तर परीक्षेच्या आदल्या रात्री विद्यार्थी टिपणांवर विश्वास ठेवणार, हे आम्हा शिक्षकांना चांगले ठाऊक आहे. ही चूक लहान मानता येणार नाही.

पहिल्या अंकाला दोन रविवार मिळाले आणि ते सार्थकी लागले. पॅरिसच्या घरच्या वरच्या मजल्यावरील खोली, अंथरुणात निश्चल पडलेली त्याची मुलगी बेटी आणि तिच्याभोवती हळूहळू जमणारे गावकरी हे सर्व वाचताना दिग्दर्शकांनी एक साधी गोष्ट करायला लावली. प्रत्येक पात्र खोलीत शिरताच त्याचा बेटीच्या आजाराशी संबंध नसलेला, पण खोलीत आणलेला जुना हिशेब कोणता, तो वहीत लिहायचा. पटनॅमचा जमिनीचा वाद, त्याच्या बायकोची दगावलेली बाळे, पॅरिसची पगाराची आणि सरपणाची तक्रार, शेतकरी जॉन प्रॉक्टर आणि पॅरिसच्या घरी राहणारी नातलग मुलगी ॲबिगेल यांचे लपवलेले प्रकरण. अंक संपेपर्यंत माझ्या वहीत अकरा नोंदी झाल्या होत्या आणि सैतानाचे नाव त्यांत एकदाही नव्हते.

याच अंकात टिटूबाच्या कबुलीचा प्रसंग आहे. मार खाण्याच्या आणि फासावर जाण्याच्या भीतीने ती गुलाम स्त्री सैतानाशी संबंध असल्याचे कबूल करते, आणि मग तिला विचारले जाते की, त्याच्याबरोबर आणखी कोणाला पाहिलेस. मी हा प्रसंग शिकवताना नेहमी म्हणत आले की टिटूबा घाबरून निरपराध स्त्रियांची नावे घेते. वर्गात तो सावकाश वाचल्यावर लक्षात आले की, सेरा गुड आणि ऑस्बर्न ही नावे प्रथम तिच्या तोंडून येतच नाहीत. पटनॅम तिला विचारतो की सेरा गुडला त्याच्याबरोबर पाहिलेस काय, ऑस्बर्नला पाहिलेस काय. नंतर ती तीच नावे परत देते. प्रश्नातच उत्तर पेरलेले आहे. हे वाचून झाल्यावर गडचिरोलीचा तो विद्यार्थी, जो पहिले दोन रविवार जवळजवळ गप्पच होता, म्हणाला, “आमच्याकडं मांत्रिक कधीच नाव सांगत नाही जी. तो फक्त दिशा सांगते, ‘उगवतीकडली आहे, म्हातारी आहे, एकटी राह्यते’ एवढंच. नाव तर मग गावच घेते.” काही क्षण कोणीच बोलले नाही. त्यानंतर वकील काकांनी सूचक प्रश्नाची, म्हणजे ज्या प्रश्नात हवे ते उत्तर दडलेले असते त्याची, न्यायालयातील व्याख्या सांगितली, आणि सरतपासणीत तो विचारण्यास सहसा मनाई का असते हेही समजावून दिले. एका अमेरिकी नाटकातील दोन ओळींवर गडचिरोलीचा अनुभव आणि सिव्हिल लाइन्समधील न्यायालयाचा कायदा एकाच वेळी प्रकाश टाकत होते, आणि तसे घडावे म्हणून कोणी ओढूनताणून प्रयत्न केलेला नव्हता.

विदर्भातील वाचकाला हे नाटक दूरचे वाटण्याचे कारणही नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात ऑगस्ट २०२१ मध्ये भानामतीच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना भर चौकात बांधून मारहाण झाल्याची घटना आपण वर्तमानपत्रांत वाचली आहे. त्यापूर्वी आठ वर्षे, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर, महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, आणि त्यात अशा कृत्यांसाठी सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. वर्गात या कायद्याचा उल्लेख झाला, परंतु त्यावर भाषण झाले नाही. मॅडमनी केवळ एक फरक दाखवून दिला. जिवतीत जमाव कायदा हातात घेतो आणि कायदा जमावाच्या विरुद्ध उभा आहे. सेलममध्ये आरोप करणाऱ्या मुलींच्या पाठीशी न्यायाधीश, वॉरंट, साक्षीपुरावा आणि तुरुंग अशी संपूर्ण शासनव्यवस्था उभी होती. मिलर यांचे नाटक जमावाचे कमी आणि न्यायालयाचे अधिक आहे, हे मला इतक्या वर्षांनी प्रथमच उमगले.

पाचवा रविवार नाटक आणि इतिहास यांतील फरकासाठी राखून ठेवला होता, आणि माझ्या मते संपूर्ण वर्गातील हा सर्वांत मोलाचा भाग होता. १६९२ मध्ये ॲबिगेल विल्यम्स अकरा-बारा वर्षांची मुलगी होती आणि जॉन प्रॉक्टर सुमारे साठ वर्षांचा, तिसरे लग्न केलेला, खानावळ-दारूचा गुत्ता चालवणारा शेतकरी होता. नाटकात ती सतरा वर्षांची आहे आणि तो तिशीच्या मध्यावर आहे, आणि त्यांच्यातील संबंध ही मिलर यांची निर्मिती आहे. ॲबिगेलचे वय वाढवल्याचे आणि अनेक न्यायाधीशांना मोजक्या पात्रांत एकवटल्याचे मिलर यांनी छापील नाटकाच्या आरंभीच सांगितले आहे; त्यांनी काही लपवलेले नाही. तरीही प्रश्न उरतो, आणि तो एका विद्यार्थिनीने स्पष्टपणे विचारला. पुरुषांच्या जमिनींचे, अधिकाराचे आणि धर्मसत्तेचे इतके हिशेब पहिल्या अंकात मांडल्यावर संपूर्ण आगीची ठिणगी एका नाकारलेल्या मुलीच्या सूडात शोधणे न्याय्य आहे काय? टिटूबाविषयीही तसेच. समकालीन कागदपत्रांत तिला ‘इंडियन’ म्हटले आहे. नाटकात ती बार्बाडोसहून आणलेली कृष्णवर्णीय गुलाम आहे, आणि पहिल्या अंकानंतर ती जवळजवळ नाहीशी होते. खरी ॲबिगेल पुढे कोठे गेली याचा कागदोपत्री माग लागत नाही. मॅडमना हे नाटक मनापासून प्रिय आहे, पण त्यांनी या आक्षेपांना उत्तर देऊन ते मिटवण्याचा प्रयत्न केला नाही. त्यांनी ते फळ्यावर लिहिले आणि वर्ग संपेपर्यंत पुसले नाहीत. शिक्षकाला आवडत्या कलाकृतीविषयी इतका मोकळेपणा दाखवणे किती कठीण असते, हे मी स्वानुभवाने सांगू शकते.

दुसरा अंक एकाच रविवारी झाला. प्रॉक्टर रश्श्यात गुपचूप मीठ टाकतो आणि मग पत्नी एलिझाबेथला जेवण छान झाल्याचे सांगतो, या आरंभीच्या क्षणावर चांगली चर्चा झाली. बाकी अंक वेगाने पार पडला आणि त्यात फारसे काही राहून गेले असे वाटले नाही. काही जणांच्या प्रतींत या अंकाच्या शेवटी प्रॉक्टर आणि ॲबिगेल यांची जंगलातील भेट छापलेली होती, काहींच्या प्रतींत ती परिशिष्टात होती आणि काहींच्या प्रतींत नव्हतीच. मिलर यांनी तो प्रवेश नंतर लिहिला आणि पुढे बाजूला ठेवला, म्हणून हा गोंधळ होतो. ‘कोणतीही प्रत चालेल’ असे नोंदणीच्या वेळी सांगितल्यामुळे पृष्ठांकही जुळत नव्हते आणि प्रत्येक वेळी ओळ शोधण्यात वेळ जात होता. एकच आवृत्ती ठरवून दिली तर हा दोष सहज दूर होईल.

तिसऱ्या अंकाचे दोन रविवार मे महिन्याच्या मध्यास आले. दिवाणखान्यात एक मोठा कूलर आहे, आणि तो सुरू असताना खिडकीकडच्या रांगेत बसलेल्यांना समोरचे वाचन ऐकू येत नाही. बंद केला तर नागपूरच्या मे महिन्यात पाच मिनिटेही बसवत नाही. ही गैरसोय आरंभापासून होती. त्या दिवशी दिग्दर्शकांनी सर्वांची संमती घेऊन शेवटच्या वीस मिनिटांसाठी कूलर बंद केला. मला मुलींच्या घोळक्यातील एक भूमिका दिली होती. प्रॉक्टरच्या घरची मोलकरीण मेरी वॉरन न्यायालयात खरे सांगायला आलेली असते, आणि तिला परावृत्त करण्यासाठी मुली तिचेच प्रत्येक वाक्य तिच्याच स्वरात परत उच्चारू लागतात, छताकडे पाहून पिवळा पक्षी दिसत असल्याचे सांगतात. आम्ही पाच जणी होतो. मेरी वाचणारी मुलगी माझ्याच महाविद्यालयाची माजी विद्यार्थिनी होती. ती ‘ॲबी, असं करू नकोस’ या अर्थाची ओळ म्हणाली, आम्ही ती परत म्हटली. ती ‘मी इथे आहे’ म्हणाली, आम्ही तेही परत म्हटले. तिसऱ्या-चौथ्या वेळी आमचे आवाज आपोआप एका लयीत आले. मला ते आवडले, हे मी येथे प्रामाणिकपणे लिहिते. एका सुरात बोलणाऱ्या पाच जणींत असण्याची एक सुरक्षितता आणि ताकद असते, आणि समोर एकटी पडलेली मुलगी रडवेली होत असताना तिच्याकडे पाहण्याऐवजी मी बाजूच्या बाईच्या ओठांकडे पाहत होते, म्हणजे माझा सूर चुकू नये. मार्गदर्शकातील ‘सामूहिक उन्माद’ हा शब्द मी शेकडो वेळा लिहिला आहे. त्या वीस मिनिटांपूर्वी मला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता.

झाडीपट्टीचा अनुभव येथे कामी आला. रात्रभर चालणाऱ्या, हजारोंच्या गर्दीसमोर होणाऱ्या नाटकांतून आलेला दिग्दर्शक आवाज कसा चढवायचा हे सांगेल, अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी उलट, न्यायाधीशांची भूमिका करणाऱ्यांना आवाज खाली ठेवायला लावले. डॅनफर्थ ओरडत नाही. तो युक्तिवाद करतो, आणि त्याचा युक्तिवाद सुसंगत आहे. चेटूक हा अदृश्य गुन्हा. त्याचे साक्षीदार दोनच, चेटूक करणारी आणि जिला त्याचा त्रास होतो ती. चेटकीण स्वतःवर आरोप करणार नाही. म्हणून पीडितेवर विश्वास ठेवावाच लागेल. वकील काकांनीच डॅनफर्थ वाचला आणि वाचून झाल्यावर ते म्हणाले की, यातील प्रत्येक पायरी मला पटत गेली, म्हणून मला भीती वाटली. आरोप झालेल्या वृद्ध रिबेका नर्सच्या चांगुलपणाची ग्वाही देणाऱ्या अर्जावर ९१ जणांनी सह्या केलेल्या असतात, आणि न्यायालय त्या ९१ जणांनाच चौकशीसाठी बोलावण्याचे फर्मान काढते. जाइल्स कोरी आपल्याला माहिती देणाऱ्याचे नाव सांगायला नकार देतो, कारण या अर्जाचे काय झाले ते त्याने नुकतेच पाहिलेले असते.

कायद्याच्या अंगाने आणखी एक गोष्ट काकांनी समजावली, आणि ती सर्व टिपणांत असायला हवी. सेलममध्ये कबुली देणारा वाचत होता आणि नाकारणारा फासावर जात होता. सॅम्युएल वॉर्डवेल या माणसाने आधी कबुली दिली, नंतर ती मागे घेतली, आणि त्यालाही फाशी झाली. आपल्याकडे पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून धरली जात नाही, ती याच धोक्यामुळे. जेथे कबुलीने सुटका मिळते किंवा छळ थांबतो, तेथे कबुली सत्याविषयी काहीच सांगत नाही. ‘शंभर अपराधी सुटले तरी चालतील, परंतु एका निरपराध्याला शिक्षा होता कामा नये’ हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. त्याच धर्तीचे विधान, शंभरांऐवजी दहा संशयित चेटकिणींचा आकडा घालून, इन्क्रीज मॅथर या धर्मोपदेशकाने १६९२ च्या ऑक्टोबरात केले, आणि त्याच महिन्यात राज्यपाल फिप्स यांनी ते विशेष न्यायालय बरखास्त केले. तोपर्यंत १९ फाश्या झालेल्या होत्या.

आठव्या रविवारी १९५० चे दशक आले. मॅडमचा एक कडक नियम होता: तोपर्यंतच्या सात रविवारांत आजच्या कोणत्याही राजकीय पक्षाचे वा नेत्याचे नाव घ्यायचे नाही आणि १९५० च्या दशकात कम्युनिस्टविरोधी मोहीम चालवणारे सिनेटर मॅकार्थी यांचेही नाही. सुरुवातीला मला हे जाचक वाटले होते. नाटकाची राजकीय धार बोथट करण्याचा हा प्रकार आहे की काय, अशी शंका आली होती. आता वाटते की तोच नियम वर्गाचा कणा होता, कारण नाव घेतले की विचार थांबतो आणि बाजू सुरू होते. टिपणांतील दुसरी गंभीर चूक येथे उघडकीस आली. ‘सिनेटर मॅकार्थी यांनी मिलर यांना समितीपुढे बोलावले’ असे त्यांत छापले होते. मॅकार्थी सिनेटमध्ये होते. मिलर यांना १९५६ मध्ये बोलावणारी अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी समिती प्रतिनिधी सभागृहाची होती आणि ती १९३८ पासून अस्तित्वात होती. नेट-सेटच्या उमेदवारांनी हे नीट लक्षात ठेवावे. मॅडमनी क्रम स्वच्छ मांडला: दिग्दर्शक एलिया कझान यांनी एप्रिल १९५२ मध्ये समितीपुढे जुन्या सहकाऱ्यांची नावे सांगितली, त्याच सुमारास मिलर सेलमच्या जुन्या कागदपत्रांचा अभ्यास करायला गेले, २२ जानेवारी १९५३ रोजी नाटक ब्रॉडवेवर आले, १९५४ मध्ये ब्रुसेल्सच्या प्रयोगाला जाण्यासाठी मिलर यांना पारपत्र नाकारण्यात आले, आणि १९५६ मध्ये समितीने त्यांच्याकडेही इतरांची नावे मागितली. त्यांनी ती दिली नाहीत. १९५७ मध्ये अवमानाबद्दल ते दोषी ठरले आणि १९५८ मध्ये अपिलात तो निर्णय रद्द झाला. म्हणजे प्रॉक्टरने नावे सांगायला दिलेला नकार मिलर यांनी आधी लिहिला आणि तीन वर्षांनी स्वतः दिला. हा क्रम मला ठाऊक होता असे मला वाटत होते, पण तो मी नेहमी उलटा समजत आले होते.

कोणीतरी तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ची आठवण काढली. ती तुलना अपरिहार्य आहे, आणि तीवर पूर्ण रविवार गेला असता तरी मला आवडले असते. खेळ म्हणून मांडलेले न्यायालय आणि खरेखुरे न्यायालय, दोन्हीकडे एका स्त्रीच्या खासगी आयुष्याची झडती, हे विषय मराठी वाचकाच्या अगदी जवळचे आहेत. दहा मिनिटांत ती चर्चा आवरली गेली.

माझी सर्वांत मोठी तक्रार चौथ्या अंकाविषयी आहे. त्याला नववा आणि दहावा असे दोन रविवार ठरलेले होते. नवव्या रविवारी जूनमधील वादळी पावसाने वीज गेली आणि वर्ग रद्द झाला. त्यात कोणाचा दोष नाही. परंतु त्याऐवजी दुसरा दिवस देण्यात आला नाही, शुल्काचा भागही परत मिळाला नाही, आणि तुरुंगातील तो संपूर्ण अंक शेवटच्या अडीच तासांत, समारोपाचा चहा आणि प्रमाणपत्रे यांच्यासह, कसाबसा बसवण्यात आला. चेटूक शोधण्यासाठी बोलावलेला धर्मोपदेशक रेव्हरंड हेल याचे परिवर्तन, निरपराधांना खोटी कबुली देण्याची त्याने केलेली विनवणी आणि ‘आणखी वजन’ एवढेच म्हणत मेलेल्या जाइल्सची एलिझाबेथने सांगितलेली हकीकत यांवर कोणाला बोलताच आले नाही.

हळहळ अधिक वाटते ती यासाठी की, त्याच घाईच्या संध्याकाळी वर्गातील सर्वांत चांगला प्रश्न निघाला होता. चेटकाच्या आरोपाखाली फाशीची शिक्षा झालेला प्रॉक्टर अखेर कबुली देतो, सहीही करतो; पण तो कागद चर्चच्या दारावर लावला जाणार हे कळताच तो देत नाही, कारण त्यावर त्याचे नाव आहे आणि आयुष्यात दुसरे नाव त्याला मिळणार नाही. मॅडमनी विचारले की, हे मराठीत कसे म्हणाल? पाच मिनिटांत फळा भरला: नाव घेणे, नाव सांगणे, नाव ठेवणे, नाव राखणे, नाव घालवणे, नाव लावणे, नाव काढणे. उखाण्यातही नाव घेतात आणि पोलिसांपुढेही नावच घेतात. मराठीत नाव काढणे म्हणजे कीर्ती मिळवणे, आणि भांडणात तेच शब्द धमकी म्हणूनही येतात. पहिल्या अंकात टिटूबाला नावे पुरवली जातात, तिसऱ्यात ९१ नावे वॉरंटांत बदलतात, जाइल्स एक नाव न सांगता मरतो आणि प्रॉक्टर दुसऱ्यांची नावे घ्यायला नकार दिल्यावर स्वतःच्या नावाशी येऊन थांबतो. संपूर्ण नाटकाचा धागा आमच्याच भाषेतील एका शब्दात ओवलेला दिसत होता, आणि तेवढ्यात कोणीतरी चहाचे कप आणले. त्यानंतर फळा पुसला गेला. पाचव्या रविवारचे आक्षेप पुसले नव्हते, हे मात्र गेले. मी वहीत उतरवून घेतले म्हणून येथे लिहू शकते.

ज्यांना केवळ परीक्षेतील प्रश्नोत्तरे हवी आहेत, त्यांनी या वर्गाला जाऊ नये; तेथे उत्तरे लिहून दिली जात नाहीत आणि छापील टिपणे सध्याच्या स्वरूपात वापरण्याजोगी नाहीत. ज्यांना मोठ्याने वाचण्याचा संकोच आहे त्यांनी मात्र अवश्य जावे, कारण भूमिका आळीपाळीने सर्वांना मिळतात आणि उच्चारांवरून कोणालाही टोकले जात नाही. ‘गुडी’ ही सामान्य घरातील विवाहितेला लावायची हाक, जुन्या वळणाची क्रियापदे, दुहेरी नकार या सर्वांची ओळख पहिल्याच आठवड्यात करून दिली जाते, त्यामुळे भाषेची भीती लवकर ओसरते. जिना अरुंद आणि उंच आहे, ज्येष्ठांनी ते लक्षात घ्यावे. वाहने समोरच्या गल्लीत लावावी लागतात.

शेवटच्या दिवशी माझ्या तक्रारी मी मॅडमना लेखी दिल्या. टिपणांतील दोन्ही चुका त्यांनी तेथेच लाल शाईने दुरुस्त केल्या आणि पुढील तुकडीसाठी टिपणे नव्याने लिहिण्याचे मान्य केले. पुढचा वर्ग दिवाळीनंतर, म्हणजे कूलरची गरज नसताना, सुरू होणार आहे आणि त्यात चौथ्या अंकाला तीन रविवार दिले जाणार आहेत. त्या तीन रविवारांसाठी मी पुन्हा जाणार आहे. त्यांचे शुल्क माझ्याकडून घेतले जाणार नाही, असे मॅडमनी आपणहून सांगितले.